मदत हवी आहे: जुन्या एएमजी मर्सिडीजची अस्सलता कशी ठरवावी?

१९८७ सालची मर्सिडीज ३०० ई विकत घेण्याचा विचार आहे आणि तिच्यात त्या काळीच एएमजीने (मर्सिडीज गाड्या अधिक शक्तिशाली करून देणारी कंपनी) फेरबदल करून दिले होते, असा विक्रेत्याचा दावा आहे. अडचण अशी की त्या वेळी एएमजी स्वतंत्र कंपनी असल्यामुळे चासी क्रमांक मर्सिडीजचाच राहतो आणि कारखान्याच्या नोंदपत्रात नंतर झालेल्या बदलांचा मागमूस नसतो. मूळ बिल हरवले आहे म्हणे (ते नेहमीच हरवलेले असते!). चाकांच्या आतील बाजूस ओतकामाचा शिक्का स्पष्ट आहे; स्टीयरिंगचे चामडे मात्र संशय येण्याइतके कोरे दिसते. चाके काय, कोणीही बसवू शकतो. इंजिन व सस्पेन्शनवर नेमक्या कोणत्या खुणा तपासाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.