खपलीला जर्मनमध्ये काय म्हणतात? (उसन्या भाषेत मूल वाढवावं का?)

सुईदोरा:
मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. जन्मल्यापासून मी तिच्याशी जर्मनमध्ये बोलते, नवरा मराठीत. आम्ही दोघंही मराठीच. जर्मन मी विसाव्या वर्षी शिकायला घेतलं, सगळ्या परीक्षा दिल्या, बारा वर्षं अनुवादाचं काम केलं. विम्याच्या करारातलं वाक्य मला झोपेतही लावता येतं.

परवा तिनं गुडघ्याकडे बोट दाखवून विचारलं, "वास इस्ट दास?" गुडघ्यावर खपली धरली होती, आणि मला शब्दच आठवेना. आठवेना कसला, तो मला कधी माहीतच नव्हता! करारात खपली येत नाही. नवरा पलीकडून म्हणाला, "खपली." ती लगेच "खपली, खपली" करत नाचली. मी आत जाऊन शब्दकोश उघडला: शोर्फ, क्रुस्टे. यातलं आई लेकराला कुठलं म्हणते, हे शब्दकोश सांगत नाही. मी अंदाजानं क्रुस्टे धरलं.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. उचकी, शेंबूड, मुंग्या येणं, पापणीवर सुटलेली रांजणवाडी, हे सगळं मी तिच्या आधी जेमतेम एक दिवस शिकते. नामांच्या लिंगांत अजून चुकते. मराठीतही तीन लिंगं आहेत, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तिकडे सूर्य 'ती', चंद्र 'तो' आणि लहान मुलगी चक्क 'ते'. आता आमची कन्या मराठीतही "सूर्य आली" म्हणते.

पुढे चालू ठेवावं की सोडावं? स्पष्ट बोला, मी रडणार नाही.

उंटावरचा_शहाणा:
स्पष्टच बोलतो. सोडा.

शिकलेली भाषा म्हणजे इस्त्रीचे कपडे. चारचौघांत शोभतात, पण ते घालून कुणी लोळत नाही. मूल दिवसभर लोळतच असतं. त्याला आईचा चिडका, पेंगुळलेला, लाडात आलेला, अर्धवट वाक्यांचा आवाज लागतो. तुम्ही तिला भाषा देताय खरी, पण स्वतःला राखून ठेवताय.

आणि 'एक व्यक्ती, एक भाषा' हा नियम पुढे करू नका. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझानं आपल्या मुलावरचं पुस्तक 1913 साली काढलं, तिथून हा नियम गाजला. पण त्या घरात बाप फ्रेंच होता आणि आई जर्मन. दोघं आपापल्याच भाषेत बोलत होते. तुमच्या घरात नियम तोच, पण एका माणसानं मुखवटा चढवलाय.

ठिपक्यांची_रांगोळी:
शहाणे, इस्त्रीची उपमा छान आहे, पण कपडे रोज घातले की सैल होतात.

चुकांच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगते. 2004 साली सिंगल्टन आणि न्यूपोर्ट यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'सायमन' या नावानं ओळखला जाणारा एक कर्णबधिर मुलगा आहे. त्याचे आईवडीलही कर्णबधिर, पण अमेरिकन खुणांची भाषा ते पंधराव्या वर्षानंतर शिकलेले, त्यामुळे व्याकरणात वारंवार चुकायचे. सायमनला ही भाषा मुख्यतः त्यांच्याकडूनच मिळाली. सातव्या वर्षी त्याची परीक्षा घेतली तर तो आईवडिलांच्या बराच पुढे! त्यांच्या धेडगुजरी बोलण्यातला नियम तेवढा त्यानं उचलला, चुका गाळून टाकल्या. मूल म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे.

दुसरं उदाहरण एलिएझर बेन येहुदांचं, हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणायला झटलेल्या माणसाचं. त्यांची मातृभाषा यिद्दिश. 1882 साली जन्मलेल्या मुलाला त्यांनी हट्टानं फक्त हिब्रूत वाढवलं, तेही ती भाषा कुठल्याच घरात रोज बोलली जात नव्हती तेव्हा. खपलीसारखे शब्द शब्दकोशातही नव्हते, ते घडवावे लागले. सुईदोराताईंना निदान शब्दकोश उघडता येतो.

उंटावरचा_शहाणा:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच घरात आई एकदा रशियन गाणं गुणगुणताना सापडली म्हणून बाप कसा भडकला, ही आठवण त्या मुलानंच मोठेपणी लिहून ठेवली आहे. इतर मुलांतही त्याला मिसळू देत नसत. हिब्रू जगली, बरं झालं. त्या बाईच्या तोंडातलं गाणं मात्र गेलं. हे तुम्हाला यश वाटतं?

सायमनचंही तेच. काही हस्ताकारांत, म्हणजे खूण करताना हाताला द्यायच्या आकारांत, तो मागेच राहिला होता, ते सोयीनं गाळलंत. शिवाय त्याच्या आईवडिलांजवळ खुणांपेक्षा बरी दुसरी भाषा कुठे होती? सुईदोरांजवळ आहे. भरलेली विहीर सोडून ओंजळीनं पाणी कशाला पाजायचं?

मुक्काम_पोस्ट_गोंधळ:
खपली म्हणा नाहीतर क्रुस्टे, काढू देऊ नका म्हणजे झालं.

जुनी_वही:
मी या प्रयोगातून वाढलेलं मूल आहे, म्हणून लिहितो. वय चाळीसच्या पुढे.

बाबा माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. त्यांचं शिक्षण मराठीत झालेलं, इंग्रजी कष्टानं कमावलेलं. आपल्यासारखं पोराला अडखळावं लागू नये, एवढीच इच्छा. इंग्रजीचं म्हणाल तर नुकसान झालं नाही. त्यांचे काही चुकीचे उच्चार मी उचलले होते, ते शाळेत वर्षभरात झडले. त्या बाबतीत रांगोळीताईंचं खरं आहे.

पण बाबा रागावले की मराठीत यायचे. इंग्रजीत त्यांना रागावताच येत नसे. त्यामुळे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात मराठी म्हणजे बाबांचा राग. आईची मराठी वेगळी, ती गोड. बाबांच्या तोंडून मराठी आली की मी आक्रसून बसायचो.

आणि एकदा, नऊ-दहा वर्षांचा असेन, काका आले होते. रात्री मी पाणी प्यायला उठलो तर हे दोघं अंधारात बसून खिदळतायत. बाबा कुणाची तरी नक्कल करत होते. इतकी हुबेहूब की मीही दाराआड हसू दाबत उभा राहिलो. हा माणूस इतका विनोदी आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मला दिसताच ते थांबले आणि म्हणाले, "व्हाय आर यू अप?"

ताई, खपलीचा शब्द सापडेल. नक्कल कुठल्या भाषेत करता, ते बघा.

ठिपक्यांची_रांगोळी:
जुनी वही, हे वाचून गप्प झाले.

तरी एक विचारते. बाबांनी खेळ आणि गप्पा मराठीत ठेवून थोडा वेळ इंग्रजीला दिला असता तर? दोष भाषेचा की चोवीस तासांच्या पहाऱ्याचा?

आकडेमोड:
भावनेवर पुरेसं झालंय, मी हिशेबाचं बोलतो. बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या 1899 कुटुंबांचा अभ्यास आनिक डे हाउवर यांनी 2007 साली मांडला. घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलली जात असूनही सुमारे चारातल्या एका कुटुंबात मुलं फक्त डच बोलत होती. अशी कुटुंबं मुख्यतः कुठली? जिथे त्या दुसऱ्या भाषेला घरातही आधार कमी होता. आई एकटी, बाहेर कुणी बोलणारं नाही, अशी भाषा मूल समजून घेतं आणि उत्तर मात्र सोयीच्या भाषेत देतं.

व्हिडिओ लावून ही भरपाई होईल असं समजू नका. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवलं. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा बैठकींत बाळांनी ते ध्वनी पकडले. तोच मजकूर पडद्यावरून दिला तर काहीच नाही.

तेव्हा चुकांचा मुद्दा दुय्यम आहे. जर्मन बोलणारी आणखी दोन-तीन जिवंत माणसं तिच्या आयुष्यात नियमित येणार असतील तर चालू ठेवा. नसतील तर शाळा सुरू झाल्यावर ही भाषा आपोआप मागे पडेल, आणि तुम्ही मुलीशी भांडत बसाल.

उंटावरचा_शहाणा:
आकडेमोड माझ्याच बाजूचे निघाले.

आकडेमोड:
नाही. मी 'सोडा' म्हटलेलं नाही, 'माणसं शोधा' म्हटलंय.

सुईदोरा:
सगळं वाचलं. जुनी वही, तुमची ती रात्र दोन दिवस डोक्यातून गेली नाही. मी विनोद कुठल्या भाषेत करते हे आठवून पाहिलं. मुलीशी करतच नाही, असं लक्षात आलं. शहाणे, मुखवटा हा शब्द लागला, पण अगदी खोटा नाही.

ठरवलंय ते एवढंच: अंघोळीपासून झोपेपर्यंतचा वेळ मराठीचा. दिवसा जर्मन राहील. माझी एक जुनी वर्गमैत्रीण जर्मन बोलते, तिनं दर आठवड्याला यायचं कबूल केलंय. जमेल की नाही, बघू.

ताजी बातमी: आज खपली पडली. ती धावत माझ्याकडे आली, "क्रुस्टे वेक!" तशीच वळून बापाकडे गेली, "बाबा, खपली गेली!" मी दोन्ही वेळा बघतच राहिले.

उंटावरचा_शहाणा:
ते ठीक. पण तुमच्या तोंडून काय निघालं?

सुईदोरा:
"अगं बाई!"