मायएसक्यूएल उठता उठताच बंद होतोय? रीडू लॉग उडवायचा सल्ला देऊ नका

निळाकर्सर:
मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर सुरू होता होता बंद पडला, की कुणीतरी हमखास सांगतं, ‘आयबी_लॉगफाइल (रीडू लॉगची फाइल) डिलीट कर, लगेच उठेल.’ जुन्या आवृत्त्यांत बऱ्याचदा तो उठतोही. म्हणून तर हा सल्ला एवढा पसरलाय, आणि म्हणूनच मला तो घातक वाटतो.

कमिट झालेला, म्हणजे पक्का ठरलेला बदल इनोडीबी (या सर्व्हरचा डेटा साठवणारा भाग) आधी रीडू लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, पक्का करतं. टेबलाच्या फाइलीत तो नंतर सवडीने उतरतो. वीज गेली आणि मशीन बंद पडलं, तर मधले बदल फक्त त्या लॉगमध्ये उरलेले असतात. ग्राहकाला पावती दिली, पण लॉग उडवल्यावर नोंदच गायब, असं होऊ शकतं. वर डेटा फाइलीतली काही पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) नव्या लॉगच्या पुढची निघतात आणि ‘लॉग सीक्वेन्स नंबर इज इन द फ्यूचर’ अशा तक्रारी सुरू होतात.

माझं म्हणणं एवढंच, की कशालाही हात लावण्याआधी सर्व्हर कुणी बंद केला ते शोधा. स्वतःहून थांबला असेल तर एरर लॉगमध्ये कारण आणि शेवटी ‘अबॉर्टिंग’ सापडतं. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मेमरी कमी पडली म्हणून मारला असेल, तर लॉग मध्येच तुटतो आणि ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांत) मिळते. अशा वेळी बफर पूल (डेटासाठी राखलेली मेमरी) रॅमला झेपेल एवढा करा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. लॉगमध्ये एररच नसते. रिकव्हरी (लॉगमधले उरलेले बदल लावून घेणं) नीट चाललेली दिसते आणि अचानक शटडाउनचा संदेश येतो. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सुरू होण्याची मूळ मुदत ९० सेकंदांची असते. सर्व्हिस फाइलमध्ये ती वाढवलेली नसेल आणि रिकव्हरीला जास्त वेळ लागला, तर सिस्टमडीच सर्व्हरला बंद करतो. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) ‘स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट’ असं लिहिलेलं असतं. माणूस पुन्हा सुरू करतो, पुन्हा रिकव्हरी, पुन्हा तेच. डेटा धडधाकट असतो, फक्त टाइमआउटस्टार्टसेक (तीच मुदत) वाढवायचं असतं. आणि नेमक्या याच वेळी लोक लॉग डिलीट करतात!

रात्रपाळी:
तत्त्व म्हणून मान्य. पण प्रॉडक्शन बंद असताना तपास हे पहिलं काम नाहीच. बिलिंग अडलंय, रांग लागलीय, आणि तुम्ही जर्नल वाचत बसणार? रेप्लिका (दुसऱ्या मशीनवर चालू असलेली प्रत) असेल तर ती प्रमोट करा, म्हणजे मुख्य सर्व्हर बनवा, नसेल तर कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवा. कारण उद्या सकाळी शोधा.

निळाकर्सर:
रेप्लिका असलेला माणूस असे प्रश्न विचारत फिरत नाही हो. विचारणाऱ्याकडे बहुधा एकच मशीन असतं. आणि कालचा बॅकअप चढवला म्हणजे आजचा दिवस गेला. बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची वेगळी नोंद) चालू असतील आणि वाचता आले तरच तो परत मिळेल. शेवटच्या शंभर ओळी वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

जुनीडिस्क:
तुम्ही सगळ्यांना उगाच घाबरवताय. इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी, म्हणजे बिघाड असूनही सर्व्हर जबरदस्तीने उठवायचं १ ते ६ चं सेटिंग, अधिकृत मॅन्युअलमध्येच दिलंय. १ पासून चढत जा, सर्व्हर उठला की डंप (सगळा डेटा एका फाइलीत) काढा, नव्या मशीनवर चढवा. मी हाच मार्ग सांगतो आणि सांगत राहीन. पान खराब झालं असेल तर नुसता लॉग वाचून काय दुरुस्त होणार?

निळाकर्सर:
१ ते ३ ला माझा विरोध नाही, तेही पान खरंच खराब आहे असं लॉग सांगत असेल तर. पण लोक सरळ ६ टाकतात. ४ पासून पुढे डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात, हेही त्याच मॅन्युअलमध्ये आहे. ५ वर तर अर्धवट ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यासारखी धरली जातात, म्हणजे एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झालेच नाहीत, तरी ते ‘पूर्ण’. ६ वर रीडू लॉग लावलाच जात नाही. म्हणून आधी डेटा डिरेक्टरीची प्रत, मग प्रयोग, तेही प्रतीवर.

जुनीडिस्क:
४०० जीबीची प्रत ठेवायची कुठे? छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) तेवढी जागाच नसते.

थंडचहा:
एलव्हीएम (लिनक्समधली डिस्क विभागायची सोय) असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती, घ्या, पूर्ण प्रतीएवढी जागा लागत नाही. व्हीपीएसवाल्यांकडे पॅनेलमधून डिस्कचा स्नॅपशॉट बहुधा मिळतो. मात्र त्याआधी डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) चालवून बघा, आयनोडसाठी (फाइलींच्या नोंदींच्या जागांसाठी) डीएफ -आय सुद्धा. डिस्क काठोकाठ भरली म्हणून सर्व्हर उठत नाही आणि इकडे फोर्स रिकव्हरीवर वाद चाललाय, असंही होतं.

आणखी एक. आवृत्ती बदलल्यावरच्या केसेस वेगळ्या मोजा. ५.७ वरून ८.० वर गेलात आणि कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) क्वेरी_कॅश_साइझ राहिलं, तर सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून थांबतो, कारण क्वेरी कॅशच ८.० मध्ये काढून टाकलाय. एसक्यूएल_मोडमध्ये नो_ऑटो_क्रिएट_यूझर राहिलं तरी तेच. ओळ काढली की सर्व्हर उठतो, रीडू लॉगचा काडीचा संबंध नाही. वाचताना शेवटची ओळ धरू नका. ‘अबॉर्टिंग’ने काहीच कळत नाही, त्या प्रयत्नातली पहिली एरर शोधा.

रात्रपाळी:
टाइमआउटचा मुद्दा पटला, आमच्या सर्व्हिस फाइली आज तपासतो. पण क्रमावर मी ठाम आहे. रेप्लिका असेल तर आधी प्रमोट, जुनं मशीन तसंच गोठवून ठेवायचं, मग तपास. बंद पडलेल्या मशीनवर रांग थांबवून ठेवायला माझी तयारी नाही.

निळाकर्सर:
गोठवून ठेवणार असाल तर आपलं भांडणच नाही. फक्त सिस्टमडीचं आपोआप रिस्टार्ट आधी बंद करा, नाहीतर तुम्ही रेप्लिकाकडे वळाल आणि इकडे जुना सर्व्हर रिकव्हरी पुरी करून स्वतःच्या नोंदी घ्यायला लागेल. मग दोन सर्व्हरांतल्या नोंदी जुळवत बसावं लागेल.