कपाळावर देवीची चंद्रकोर आली, पण तिची किंमत कोणी मोजली? 'मार्क्ड' वाचलेल्यांनी बोला

शेवंती

पी. सी. कास्ट आणि त्यांची मुलगी क्रिस्टिन या मायलेकींनी मिळून लिहिलेली 'मार्क्ड' (2007) ही कादंबरी मागच्या आठवड्यात वाचून संपवली. 'हाउस ऑफ नाइट' या 12 पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. न वाचलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. झोई शाळेत लॉकरपाशी उभी असते, तिथे एक व्हॅम्पायर येतो आणि तिच्या कपाळावर निळ्या चंद्रकोरीची नुसती रेघ उमटते. खूण उमटली की व्हॅम्पायरांच्या शाळेत जायचंच. तिथे पुढे एकतर शरीर बदलून माणूस पूर्ण व्हॅम्पायर होतो, नाहीतर खोकल्यातून रक्त पडून मरण येतं. झोई पळते ती आजीच्या लॅव्हेंडरच्या शेतावर. तिथे पडून बेशुद्ध होते, आणि त्या अवस्थेत तिला निक्स भेटते, म्हणजे रात्रीची देवी. शुद्धीवर येते तेव्हा चंद्रकोर आतून निळी भरलेली असते. असं मोठ्या झालेल्या व्हॅम्पायरांचंच होतं, नवख्या पोरीचं कधीच नाही.

इथवर पुस्तक खाली ठेवलं नाही. माझी तक्रार पुढे सुरू होते. थोड्याच दिवसांत वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी आणि आत्मा अशी पाचही तत्त्वं तिच्या हाकेला ओ देतात. शाळेतल्या मुलींच्या सर्वांत मानाच्या गटाची ती प्रमुख होते. सगळ्यांचा लाडका एरिक तिच्या मागे, जुना मित्र हीथ तर आहेच.

लहानपणी नवरात्रात आमच्या वाड्यात एका काकूंच्या अंगात यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा पार बसलेला असायचा, अंग मोडून निघालेलं असायचं, आई त्यांना गूळ घातलेली पेज नेऊन द्यायची. मी श्रद्धाळू नाही. पण देवी माणसाला धरते तेव्हा माणसाचं काहीतरी झिजतं, एवढं त्या पेजेच्या वाटीने मला शिकवलं. झोईचं काय झिजलं? आणि ही प्रेमकथा म्हणायची, तर चंद्रकोर भरली नसती तर एरिकने तिच्याकडे मान वळवून पाहिलं असतं का? या प्रश्नाला पुस्तक हातच लावत नाही.

चांदणवेल

ताई, अजिबात पटलं नाही. झोईचं घर जातं, आणि तेही पहिल्या काही प्रकरणांत! खूण घेऊन पोरगी दारात येते, तर आई विचारते की आता काय करून आलीस. सावत्र बाप तिला डॉक्टरकडे न नेता आपल्या धर्ममंडळींना प्रार्थनेसाठी फोन लावत सुटतो. आईचं नाणं किती खोटं आहे हे त्या एका संध्याकाळी कळणं, ही किंमत नाही का?

मी हे बारावीत लातूरला होस्टेलवर वाचलं. मुखपृष्ठ फाटलेली एकच प्रत आठ-नऊ जणींत फिरत होती. आमच्या खोलीतल्या एकीच्या कपाळावर कोडाचा डाग होता, डाव्या भुवईच्या वर, साधारण रुपयाएवढा. ती कायम केस पुढे घ्यायची, उन्हाळ्यातसुद्धा. तिने ते पुस्तक दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना केस मागे क्लचरमध्ये अडकवून, खिडकीत बसून वाचत होती. आम्ही कोणी काही बोललो नाही. तिला पाच तत्त्वांशी काही देणंघेणं नव्हतं. कपाळावर काहीतरी असलेल्या मुलीला कुणीतरी 'तू माझी' म्हणतंय, एवढंच तिला हवं होतं. घरातल्या कुणी तिला तसं म्हटलं नव्हतं.

माळढोक

शेवंतीताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. प्रेमकथा म्हणूनच हे पुस्तक लंगडं आहे. झोई हीथचं रक्त चाखते आणि त्यातून त्याला तिची ओढ लागते, मग तो तिच्याशिवाय राहू शकत नाही. याला प्रेम कसं म्हणायचं? ती लत झाली. शिवाय झोई दुसऱ्या मुलींच्या कपड्यांवरून, वागण्यावरून सतत त्यांची लायकी काढते. देवी स्त्री, पुरोहित स्त्रिया, वरपासून खालपर्यंत बायकांचा मान, आणि नायिकेच्या तोंडी ही भाषा. मला ते फार खटकलं.

गडहिंग्लजकर

मला वेगळंच बोलायचंय. चांदणवेल, तुमच्या मैत्रिणीचं वाचून गलबलून आलं, तरीही बोलते.

आमच्या भागात 'मुलीवर देवीची खूण' म्हटलं की जट आठवते. केसांत गुंता होतो, तेल-पाणी नीट मिळत नाही, तो घट्ट होत जातो. मग कुणीतरी म्हणतं, यल्लम्मा आली. त्यावर भंडारा लागतो, विंचरणं बंद होतं, आणि एका पिढीपूर्वीपर्यंत अशा पोरीला सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेऊन गळ्यात मणी बांधून देवदासी म्हणून देवीला सोडत. पुढे तिच्या वाट्याला काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कर्नाटकात याविरुद्ध 1982 साली कायदा झाला, महाराष्ट्रात आताचा कायदा 2005 चा.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींची जट अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्यांनी कापली तेव्हा मी शेजारी बसले होते. आधी तास-दीड तास नुसतं बोलणं. मग कात्री. तो केसांचा दोर इतका कडक होता की कात्री दोनदा अडकली. शेवटचा पीळ सुटला आणि मावशींची मान एकदम पुढे झुकली, कारण इतकी वर्षं ती वजन तोलून मागे ताणलेली होती. मग कितीतरी वेळ त्या मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहत होत्या. डोळ्यांत पाणी, पण बोलल्या एवढंच, "हलकं वाटतंय गं."

म्हणून 'देवीने निवडलेली' हा शब्द मला गोड लागत नाही. निवडताना मुलीला विचारलं होतं का? झोईलाही कुणी विचारत नाही. व्हॅम्पायर येतो, मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी बोलतो आणि संपलं. पुस्तकाला हा मान वाटतो. मला ती शाळेच्या व्हरांड्यात उभी असलेली एक भेदरलेली पोर दिसते.

चांदणवेल

गडहिंग्लजकर, यावर लगेच उत्तर सुचत नव्हतं, कालपासून विचार करतेय. तुमचं म्हणणं मान्य आहे: खूण विचारून उमटत नाही. पण एक फरक राहतो. जटेनंतर त्या मुलीचे सगळे निर्णय दुसऱ्यांच्या हातात जातात. पुस्तकातली निक्स खूण दिल्यावर मागे सरकते. पुढच्या भागांत तर तिचा आग्रह एकच आहे: निवड ज्याची त्याने करायची, चुकलात तरी मी हात धरून ओढणार नाही. झोई चुकतेही, आणि फार वाईट चुकते. मावशींच्या देवीच्या नावावर जे बोलत होते त्यांनी असं मोकळं कधी सोडलं असतं का?

जुनी वही

निक्सबद्दल थोडं. ही देवी लेखिकांनी नव्याने घडवलेली नाही. हेसिअडच्या ग्रीक काव्यात रात्र ही अगदी आद्य शक्तींपैकी एक, झोप आणि मृत्यू ही तिचीच लेकरं. 'इलियड'मध्ये झोपेची देवता झ्यूसच्या रागापासून पळून रात्रीच्या पदराआड लपते, आणि झ्यूससारखा झ्यूस तिला दुखवायला नको म्हणून राग गिळतो. आपल्या ऋग्वेदातलं रात्रिसूक्तही (10.127) वाचून पाहा. तिथे रात्र ही उषेची बहीण, पाखरं घरट्याकडे यावीत तशी माणसं तिच्याकडे येतात आणि लांडग्याला, चोराला दूर ठेव म्हणून तिला विनवतात. काळोख म्हणजे पाप नव्हे, हे निक्स झोईला पहिल्याच भेटीत सांगते. मला संपूर्ण पुस्तकात तेवढी जागा खरोखर आवडली. बाकीच्यावर तुमचं चालू द्या.

ओसरी

मी चार वर्षं टल्सात होते, म्हणून आजीबद्दल लिहिते. झोईची आजी चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीची आहे आणि पुस्तकातली सगळी ऊब तिच्याकडून येते. पण पुस्तक तिच्याकडून फक्त सुगंध घेतं. धुरी, एखादी प्रार्थना, लॅव्हेंडर. देवी ग्रीक, वर्तुळ आखण्याचा विधी विक्कन या आधुनिक निसर्गपूजक पंथाचा, सण केल्टिक लोकांचा सॅमहेन (उच्चार 'साविन'), आणि त्यावर चिमूटभर चेरोकी.

टल्साहून तासाभराहून थोड्या जास्त अंतरावर ताहलेक्वा आहे, चेरोकी नेशनची राजधानी. तिथे रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत चेरोकी लिपी आहे. सेक्वोया नावाच्या माणसाने 1821 च्या सुमारास ती घडवली. पहिल्यांदा गेले तेव्हा एका पाटीखाली गाडी थांबवून मी ती अक्षरं वहीत उतरवून घेतली होती. ही माणसं मूळची इथली नव्हेतच. 1838-39 मध्ये त्यांना जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून हाकलून चालवत इथवर आणलं, हजारो वाटेत मेले. ज्या आजीच्या मागे एवढी वाट आहे, तिच्या नातीला रात्रीची देवी ग्रीक का भेटावी? आजीच्या भाषेतला एखादा शब्द तरी त्या खुणेशी जोडायला हवा होता. राग नाही, हळहळ आहे, कारण जागा अगदी योग्य निवडली होती.

खडीसाखर

(पुढच्या भागांतलं सांगतेय, नको असेल त्यांनी इथे थांबा.)

शेवंतीताई, तुम्हाला हवी ती नायिका याच पुस्तकात आहे. फक्त तिचं नाव झोई नाही, ॲफ्रोडाइटी आहे. पहिल्या भागात ती घमेंडखोर, दुष्ट पोरगी म्हणून येते आणि झोई तिची जागा घेते. पण देवीने तिलाही काहीतरी दिलंय: लोकांचे मृत्यू आधी दिसणं. दिसतात तेव्हा ती तडफडते. दुसऱ्या भागात तिला पूल कोसळताना दिसतो आणि तिच्यामुळेच झोईची आजी वाचते, पण मुख्य पुरोहित बाईंनी तिची दृष्टी खोटी ठरवलेली असते. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी तिच्या कपाळावरची चंद्रकोरच पुसली जाते. ती पुन्हा साधी माणूस होते. दृष्टी मात्र राहते. म्हणजे खूण गेली आणि काम उरलं! यापेक्षा मोठी किंमत कुठली? माझ्या मते मालिकेतली खरी देवीची मुलगी तीच.

ओसरी

तो पूल लेखिकांना कुठून सुचला असेल याचा माझा अंदाज आहे. 2002 साली ओक्लाहोमात वेबर्स फॉल्सजवळ बार्जची धडक बसून अर्कान्सा नदीवरचा हमरस्त्याचा पूल खरोखर कोसळला होता. 14 माणसं गेली. तिथली माणसं अजून त्या पुलावरून जाताना बोलायची थांबतात, हे मी गाडीत बसून अनुभवलंय.

शेवंती

सगळं वाचलं. गडहिंग्लजकर, मावशींची ती पुढे झुकलेली मान डोळ्यांसमोरून हलत नाही. मी 'देवी काय मागते' एवढंच विचारत होते, 'तिच्या नावाने कोण मागतं' हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता.

चांदणवेल, आईबद्दल तुझं म्हणणं पटलं. ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि आईचा तो पहिलाच प्रश्न खरोखर जीव घेणारा आहे. मी घाईत पुढे गेले होते. ॲफ्रोडाइटीसाठी दुसरा आणि तिसरा भाग मागवलाय. पण एरिकबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. तो त्या निळ्या रंगाच्या प्रेमात आहे.

चांदणवेल

तिसरा भाग होऊ द्या ताई. एरिक तिला सगळ्यांत वाईट क्षणी पाहतो आणि काय काय बोलतो, ते वाचा. मग पुन्हा भांडू. तोवर मी त्या मैत्रिणीला हा धागा पाठवते, तिला ॲफ्रोडाइटी कधीच आवडली नव्हती.