पायक्यूटी5: बटणावरचा उकार कापला जातोय, आणि काकांनी लावलेले रकाने रोज विस्कटतात

देवघेव_खिडकी
नमस्कार मंडळी. गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी पायथन आणि पायक्यूटी5 (पायथनमधून खिडक्या, बटणं बनवायचं साधन) वापरून देवघेवीचा छोटा प्रोग्राम केला आहे. दोन गोष्टींनी महिनाभर छळलंय.

माझ्या मशीनवर सगळं नीट दिसतं. ग्रंथपाल काकांच्या लॅपटॉपवर मात्र ‘पुस्तक परत’ या बटणाचा उकार खालून कापला जातो आणि ‘पस्तक परत’ असं दिसतं. ‘वर्गणी’वरचा रफारही अर्धाच. फॉन्ट मंगल, 12 पॉइंट. बटणाला सेटफिक्स्डहाइटने 24 पिक्सेलची पक्की उंची दिलीय. लॅपटॉप 1366 बाय 768, विंडोज 10. अक्षरं बारीक दिसतात म्हणून काकांनी स्केलिंग 125 टक्के केलंय.

दुसरं म्हणजे काका सकाळी आले की ‘सभासदाचं नाव’ हा रकाना ओढून ‘दाखल क्रमांक’च्या आधी आणतात, कारण लोक नाव सांगतात, क्रमांक कुणाच्याच लक्षात नसतो. प्रोग्राम बंद केला की पुन्हा पहिल्यासारखं. दुपारी ताई बसतात, त्यांना बारीक अक्षरं आणि जास्त ओळी हव्या असतात. दोघांचं विंडोज लॉगिन एकच. अक्षरांचा आकार बदलायला स्लायडर दिलाय, पण तक्त्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. चाळीस वर्षं हाताने रजिस्टर लिहिलेला माणूस रोज सकाळी तेच काम पुन्हा करतो, हे मला बघवत नाही.

खिडकीकार
तुमचा घोळ त्या 24 मध्येच आहे. 12 पॉइंट म्हणजे 100 टक्क्यांवर 16 पिक्सेल आणि 125 टक्क्यांवर 20. अक्षर वाढलं, बटण मात्र 24 वरच राहिलं, कारण क्यूटी5 मध्ये (पायक्यूटी5 च्या मुळाशी हेच आहे) हाय-डीपीआय स्केलिंग, म्हणजे स्क्रीनच्या टक्क्यांप्रमाणे सगळंच मोठं होणं, आपण चालू केल्याशिवाय होत नाही. त्यात देवनागरीला वर रफार-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. मंगलची ओळ तर चांगलीच उंच असते.

सेटफिक्स्डहाइट सगळीकडून काढून टाका. बटणं क्यूएचबॉक्सलेआउटमध्ये (एका ओळीत मांडणारा साचा) ठेवा, उंची बटण स्वतः ठरवेल. तक्त्याच्या ओळींची उंची फॉन्टमेट्रिक्सच्या हाइटमध्ये (फॉन्टची मोजलेली उंची) 8 पिक्सेल मिळवून द्या, आणि फॉन्ट बदलला की पुन्हा मोजा. हे विसरलात तर बटणावरचा उकार वाचेल आणि तक्त्यातला कापला जाईल.

स्लायडर चालत नाही म्हणजे तक्त्याच्या स्टाइलशीटमध्ये (रंगरूप ठरवणाऱ्या मजकुरात) फॉन्ट-साइझ पिक्सेलमध्ये लिहिलाय का? स्टाइलशीटपुढे कोडमधून फॉन्ट लावणाऱ्या सेटफॉन्टचं काही चालत नाही.

देवघेव_खिडकी
हो दादा! 13 पिक्सेल लिहिलं होतं. काढलं, स्लायडर लगेच चालला.

नोंदवही
रकान्यांचं मी सांगते. हेडरची (रकान्यांच्या शीर्षक-पट्टीची) सेव्हस्टेट, म्हणजे रकान्यांची मांडणी, बंद करताना क्यूसेटिंग्जमध्ये (प्रोग्रामच्या आवडीनिवडी साठवायची सोय) ठेवा आणि उघडताना रिस्टोरस्टेट करा. पण तक्त्याला मॉडेल (त्यातली माहिती पुरवणारा भाग) लावून झाल्यावरच, आधी केलंत तर काहीच लागू होणार नाही. विंडोची जागा आणि आकार सेव्हजॉमेट्रीने ठेवा, एक्स-वाय हाताने लिहू नका. आमच्याकडे कार्यक्रमासाठी प्रोजेक्टर दुसरा स्क्रीन म्हणून जोडला होता. दुसऱ्या दिवशी तो काढला आणि खिडकी कुठेच दिसेना, प्रोग्राम मात्र चालू. रिस्टोरजॉमेट्री अशा वेळी खिडकी हजर असलेल्या स्क्रीनवर आणते.

लॉगिन एकच असल्यामुळे क्यूसेटिंग्ज दोघांची आवड एकाच जागी, विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहील. म्हणून प्रोग्राम उघडताच ‘कोण बसलंय?’ एवढंच विचारा आणि बिगिनग्रुपला ते नाव द्या, म्हणजे दोघांची आवड वेगळ्या गटात राहील. पासवर्ड लावू नका, देवघेवीच्या टेबलावर रांग असते.

अजून एक. खरं-खोटं साठवलेलं वाचताना टाइप बूल (खरं-खोटं हा प्रकार) सांगाच. नाहीतर ‘फॉल्स’ ही अक्षरं परत येतात, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली अक्षरं म्हणजे खरं. मी तीन दिवस यात घालवलेत.

देवघेव_खिडकी
ताई, दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी बसवून आलो. उघडल्यावर दोनच मोठी बटणं ठेवलीत, ‘सकाळ’ आणि ‘दुपार’, कारण काकांना स्वतःचं नाव निवडायला अवघडल्यासारखं होत होतं. सकाळचा फॉन्ट 16 पॉइंट, दुपारचा 10. आज सकाळी काकांचा फोन आला, “नाव पहिल्याच रकान्यात आहे रे, तू येऊन गेलास का?”

आता एकच अडतंय. 16 पॉइंटला खालच्या पट्टीतली सहा बटणं 1366 मध्ये मावत नाहीत, ‘मुदतवाढ’ उजवीकडे बाहेर जातं.

खिडकीकार
सहाच्या सहा एका ओळीत कशाला? क्यूग्रिडलेआउट घ्या, तीन-तीनच्या दोन ओळी. ‘पुस्तक दिलं’ आणि ‘पुस्तक परत’ वरच्या ओळीत ठेवा, दिवसभर हात तिथेच जातो.