ओटीपी सासूबाईंनी दिला. हप्ता, तारीख आणि बँकेचं नाव कुणी दिलं?

अनघा_कल्याण:
'पेमेंटवाला' यांचा कालचा लेख वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पेमेंट आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रणा भक्कम आहेत, दरवर्षी ऑडिट होतं, डेटा एन्क्रिप्टेड म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो, पैसे जातात ते लोक ओटीपी सांगतात म्हणून, आणि अशांना भरपाई देणं म्हणजे बेफिकिरीला बक्षीस.

आमच्या घरात घडलेलं सांगते. सासूबाईंनी एका अ‍ॅपवरून फ्रिजसाठी कर्ज घेतलं होतं. फोन आला. समोरच्याने पूर्ण नाव घेतलं, हप्ता किती, कितव्या तारखेला कापला जातो, कुठल्या बँकेतून, सगळं बिनचूक सांगितलं. "मागच्या महिन्यात हप्ता दोनदा कापला गेलाय, परत करायचाय," म्हणाला. खातरजमा म्हणून कार्डावरचे आकडे मागितले, मग ओटीपी. पासष्ट हजार गेले. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, कुणाच्याही बोलण्यात येणाऱ्या नाहीत. पण एवढं सगळं माहीत असलेला माणूस कंपनीचाच असणार, असं कुणालाही वाटेल.

बँक म्हणाली ओटीपी बरोबर होता, व्यवहार वैध. अ‍ॅपवाल्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: "आमच्या यंत्रणेतून कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही." एका दिवसात कुठली यंत्रणा तपासली? ओटीपी ही शेवटची पायरी होती. आधीच्या पायऱ्या ज्याच्या माहितीवर रचल्या, त्याला कुणी काही विचारतच नाही.

पेमेंटवाला:
अनघाताई, वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय की कार्डाचे आकडे सासूबाईंनी स्वतः वाचून दाखवले. म्हणजे कार्डाची माहिती फुटली नव्हती, आणि ती का फुटली नाही तेही सांगतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा आमच्यासारख्या मधल्या कंपनीला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याजागी टोकन म्हणजे बदली कोड असतो, तो चोरून दुसरीकडे वापरता येत नाही. यूपीआयचा पिन ज्या पानावर टाकता ते पान अ‍ॅपचं नसतं, एनपीसीआयचं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं असतं. पिन तुमच्या फोनमध्येच एन्क्रिप्ट होतो, आम्हाला तो कधीच दिसत नाही. हे सगळं कुणीतरी विचार करून, डोकं झिजवून उभं केलंय.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही वाचा. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. सणासुदीला घरी न जाता सर्व्हरवर पॅच चढवत बसणाऱ्यांना सरसकट चोर ठरवता, याचा राग येतो.

अनघा_कल्याण:
त्याच परिपत्रकात पुढे असंही आहे की जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. तिथपर्यंत कुणी वाचत नाही. आणि कार्डाबद्दल मी विचारलंच नव्हतं. हप्त्याची तारीख कुठून गेली, याचं उत्तर तुमच्या टोकनमध्येही नाही आणि पिनमध्येही नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
म्हणून मी माझ्या भाचरांना सांगत असतो, सहकारी बँकेत खातं ठेवा. माझी सगळी नोकरी नागरी सहकारी बँकेत झाली. खातेदाराला आम्ही चेहऱ्याने ओळखायचो. अचानक मोठी रक्कम निघाली तर घरी फोन करायचो. या अ‍ॅपवाल्यांना भेटायचं कुठे? काउंटर नाही, मॅनेजर नाही.

तुषार_नाशिक:
काका, आदर ठेवून विचारतो, ऑगस्ट २०१८ विसरलात का? कॉसमॉस ही सहकारी बँकच ना? सुमारे ९४ कोटी गेले. एटीएमचा स्विच खात्यात पैसे आहेत का हे बँकेला विचारतो. चोरांनी मध्ये स्वतःचा बनावट स्विच बसवला आणि तोच प्रत्येक वेळी 'आहेत, द्या' म्हणत राहिला. शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले, सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, हाँगकाँगला पाठवले. चेहऱ्याने ओळखून काय उपयोग झाला?

निवृत्त_शाखाधिकारी:
अर्धवट माहितीवर बोलू नका. त्या हल्ल्यात एकाही खातेदाराच्या खात्यातून पैसे वळते झाले नाहीत. नुकसान बँकेने स्वतः सोसलं. पोलिसांनी माग काढला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. आता अनघाताईंच्या सासूबाईंचं बघा. कुणी सोसलं? त्यांनीच. १९०६ साली सुरू झालेल्या संस्थेला नावं ठेवताना एवढा तरी फरक करा.

तुषार_नाशिक:
सोसलं हे खरं. पण म्हणून दार उघडं राहिलं होतं हे खोटं ठरत नाही. आणि जुलै २०२४? छोट्या बँकांची संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर (खंडणीसाठी यंत्रणा अडवून धरणारं सॉफ्टवेअर) पडलं, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँका एनपीसीआयने नेटवर्कपासून तोडल्या. सहकारी आणि ग्रामीण, सगळ्या तुमच्याच. आमच्या गावाकडे भाजीवाल्यापासून खतवाल्यापर्यंत सगळे रोख मागत होते.

निवृत्त_शाखाधिकारी:
सी-एज म्हणजे टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची मिळून काढलेली तंत्रज्ञान कंपनी. सहकारी बँकांचा दोष एवढाच की त्यांनी मोठ्यांवर विश्वास ठेवला. तुम्ही माझीच बाजू मांडताय आणि वर मलाच शिकवताय!

रेवा_ठाणे:
सहकारीचं एवढं कौतुक ऐकवत नाही. माझ्या मावशीचे आयुष्यभराचे पैसे मुंबईतल्या एका सहकारी बँकेत घोटाळ्यामुळे अडकले होते. रांगेत उभं राहून हजार रुपये मिळायचे. तिला साखर, रक्तदाब, औषधांचे पैसे उसने घेतले आम्ही. चेहऱ्याने ओळखणारे तेच अधिकारी तेव्हा दरवाजा लावून आत बसले होते.

निवृत्त_शाखाधिकारी:
मावशींचं दुःख मला कळतं. पण एका संचालक मंडळाच्या पापासाठी प्रामाणिकपणे नोकरी केलेल्या आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करू नका. मी कधीही दरवाजा लावून बसलो नाही.

रेवा_ठाणे:
तुमच्याबद्दल व्यक्तिगत नव्हतं. पण 'सहकारीत ठेवा' हा सल्ला निदान मला तरी देऊ नका.

अनघा_कल्याण:
रेवा, काका, तुषार, तो घोटाळ्याचा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. इथे माहिती फुटण्याबद्दल बोलू. उलट सी-एजचं उदाहरण माझ्याच कामाचं आहे. माहिती आपण एकाला देतो, ती सांभाळतो दुसरा, फोनवर बोलतो तिसरा, वसुलीला येतो चौथा. फुटली की पहिला म्हणतो 'आमच्या यंत्रणेतून नाही', आणि कागदावर ते खरंही असू शकतं.

रात्रपाळी:
आजवर नुसता वाचत होतो, आज लिहितो. कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं काम घेतलेल्या कॉल सेंटरमध्ये मी होतो. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये, कागद-पेन बंदी, पिशव्या तपासायच्या, सगळं कडक. पण स्क्रीनवर? ग्राहकाचा नंबर टाकला की पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, आईचं नाव, पगार, हप्ता, हप्त्याची तारीख, बँक. फोन आलेला असो वा नसो, कुणाचंही पान उघडता यायचं. पेन कशाला लागतो, दहा जणांची माहिती पाठ करून माणूस जेवायच्या सुट्टीत बाहेर जाऊ शकतो. पगार एवढा तुटपुंजा की बाहेरून कुणी एका नावामागे पाचशे देतो म्हटलं तर काही जणांचा पाय घसरणारच. कुणाचा घसरला हे मी पाहिलेलं नाही, पण अडवणारं काहीच नव्हतं हे पाहिलंय.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या आभासी चलनाच्या अमेरिकन कंपनीने स्वतः जाहीर केलं की अमेरिकेबाहेरच्या मदत-केंद्रातल्या माणसांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढली गेली. चोरांनी दोन कोटी डॉलर मागितले. कंपनीने ते दिले नाहीत, तेवढ्याच रकमेचं बक्षीस चोरांवर लावलं, आणि फसून पैसे पाठवलेल्या ग्राहकांना भरपाई देऊ म्हणून सांगितलं. एन्क्रिप्शन तिथेही होतंच. बघणाऱ्याला अधिकार दिलेला असला की एन्क्रिप्शन त्याच्यासाठी उघडंच असतं.

पेमेंटवाला:
रात्रपाळी, तुम्ही लिहिलंय ते चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही. एजंटला फोन आलेल्या ग्राहकाचंच पान दिसावं, तेही अर्धं झाकलेलं, हे आमच्याकडे आहे. सगळ्यांकडे नाही. एवढं मान्य. पण कंपन्यांच्या मालकांना वाटणारी भीती नुसती कल्पनेतली नाही. प्रत्येक फसवणुकीची भरपाई कंपनीवर टाकली तर लहान कंपन्या वर्षभरात बंद पडतील आणि उरतील फक्त दोन-तीन बलाढ्य. शिवाय नवीन डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. अजून काय हवं?

वकील_संभाजीनगर:
दंड आहे, पण तो जातो कुठे? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात एक रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ आहे, त्यातून निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमच वगळलं जाणार. उलट ग्राहकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. मी पक्षकारांना हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमांना दीड वर्षाची मुदत आहे. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित माणसाला कळवण्याचं बंधन त्यांत आहे, पण ते तेव्हा. आज काय? एप्रिल २०२२ च्या आदेशाने सहा तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवायचं, म्हणजे सरकारला. सासूबाईंना नाही.

तुषार_नाशिक:
म्हणजे सरकारला सहा तासांत कळतं आणि ज्याचं घर आहे त्याला चोराचा फोन आल्यावर.

पेमेंटवाला:
लगेच जाहीर केलं तर तपास बिघडतो, चोर सावध होतो. यालाही कारण आहे, तुषार. पण महिनोन्महिने गप्प बसायला कारण नाही, हे मीही म्हणेन.

अनघा_कल्याण:
मग 'बेफिकिरीला बक्षीस' हे वाक्य लेखातून काढा.

पेमेंटवाला:
वाक्य ठेवणार. लोक खरंच कुणालाही ओटीपी देतात, रोज बघतो. पण 'माहिती कंपनीकडून किंवा तिच्या कंत्राटदाराकडून फुटलेली नसेल तर' ही अट त्याच्याआधी घालतो. याहून जास्त मागू नका.

वकील_संभाजीनगर:
अनघाताई, भांडण चालू द्या, पण हे करा. डिजिटल कर्जांबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर २०२२ पासून आहेत. अ‍ॅपमधून माहिती गोळा करणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांची नावं गोपनीयता धोरणात जाहीर करावी लागतात, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ताही. त्या अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही. पोलिसांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद केली होती ना? तो क्रमांक पत्रात घाला.

अनघा_कल्याण:
१९३० वर त्याच रात्री केली होती. पत्रात नक्की मागू काय?

पेमेंटवाला:
हे मी सांगतो. 'माहिती फुटली का' असं विचारू नका, 'नाही' म्हणतील. विचारा, या कर्जखात्याचं पान फोनच्या आधीच्या साठ दिवसांत कोणकोणत्या यूजर आयडीने उघडलं, कधी, आणि त्यांतले कंत्राटदाराकडचे कोणते. कोणत्याही बऱ्या यंत्रणेत ही नोंद असते. तुम्हाला देणार नाहीत कदाचित, पण लोकपालाने किंवा पोलिसांनी मागितली तर नाही म्हणता येत नाही. आणि नोंदी जपून ठेवा असं पहिल्याच ओळीत लिहा. सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचं बंधन आहे, पुढे पुसले तरी त्यांना विचारता येणार नाही. फोन कधी आला होता?

अनघा_कल्याण:
सप्टेंबरअखेर.

पेमेंटवाला:
आधीच्या साठ दिवसांतल्या सुरुवातीच्या नोंदी मग गेल्यात जमा. उरलेल्या मार्चपर्यंतच. आज ईमेल करा, उद्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.