पहिले घर घेताना एजंटच्या सल्ल्यावर किती विसंबावे?

प्रश्न
आम्ही पती-पत्नी पुण्याजवळील रावेत येथे पहिले घर घेत आहोत. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील ६० लाखांची सदनिका पसंत पडली असून आमच्याकडे १४ लाख रुपये शिल्लक आहेत. ८० टक्के कर्ज मिळेल, त्यामुळे १२ लाख पुरतील आणि तुमच्याकडून दलालीही घेणार नाही, असे एजंट सांगतो. मात्र टोकन, म्हणजे घर राखून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम, याच आठवड्यात द्या, असा त्याचा आग्रह आहे. या व्यवसायातील जाणकारांनी, आमच्या जागी स्वतःचा भाऊ असता तर त्याला काय सांगितले असते, ते कृपया लिहावे.

उत्तर १ (नोंदणीकृत एजंट, पुणे)
नव्या प्रकल्पात आमची दलाली विकसक देतो. त्यात गैर काही नाही, मीही ती घेतो; परंतु जिथे दलाली जास्त, तो प्रकल्प आम्हांला जरा अधिकच चांगला दिसू लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणून "या व्यवहारात तुम्हांला किती मिळणार?" असे त्याला सरळ विचारा. उत्तर देताना तो चिडला, तर तेही एक उत्तरच समजा. महारेराकडील, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील, त्याचा नोंदणी क्रमांकही मागा, कारण नोंदणीशिवाय त्याला प्रकल्पातील सदनिका विकता येत नाही.

भावाला मी आधी पैशांचा हिशोब मांडून दाखवला असता. कर्ज ४८ लाख धरले, तरी १२ लाखांखेरीज ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि ५ टक्के जीएसटीचे ३ लाख लागतात, म्हणजे एकूण साडेएकोणीस लाख. घर एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ६० हजार, वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या इमारतीतील घराला जीएसटी लागत नाही, त्यामुळे तयार घराची किंमत थोडी जास्त वाटली तरी तुलना एकूण खर्चाची करावी. तुमच्या १४ लाखांत हे घर आज बसत नाही, आणि हे तुमच्या एजंटने पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते.

उत्तर २ (पूर्वी गृहकर्ज विभागात काम केलेला वाचक)
वरील हिशोबाशी सहमत आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख पूर्वी वाढवून घेतली आहे का, जमिनीवर बोजा (तारण-कर्ज) किंवा न्यायालयीन दावा आहे का, हे पाहावे, आणि दर चटई क्षेत्रावरच, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या क्षेत्रफळावरच (कार्पेट एरिया), काढावा. बँकेने प्रकल्पाला मंजुरी दिली आहे, एवढ्यावर विसंबू नये. मूळ मालकीच्या कागदपत्रांचा ३० वर्षांचा शोध अहवाल (जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) आपल्या वकिलाकडून घ्यावा. वकिलाची फी वाचवणारे पुढे काय काय खर्च करतात, हे मी पाहिले आहे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. टोकनच्या अर्जावर "रक्कम परत मिळणार नाही" असे छापलेले आहे. त्याचे काय करावे?

उत्तर १ (नोंदणीकृत एजंट, पुणे)
सही करू नका. नोंदणीकृत करारनाम्याआधी विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, पण त्या मर्यादेतील पैसेही अडकू शकतात. पुढे कधी टोकन दिलेच, तर ते विकसकाच्या नावे धनादेशानेच द्या आणि कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, असे आधी लेखी घ्या.