मदत हवी आहे: १८१८ सालच्या, जादू नसलेल्या कथानकासाठी कोणती आरपीजी सिस्टीम घ्यावी?

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडवर आमचा पाच जणांचा ग्रुप रविवारी मिसळ हाणून खेळायला बसतो. आजवर फक्त डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची ती आरपीजी), पाचवी आवृत्ती. आता मला (डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी व्यक्ती, मीच) आपल्याकडचं कथानक चालवायचंय. साल १८१८, त्र्यंबकचा किल्ला पडतोय, आणि मधे आहे नासक हिरा. इतिहासात तो इंग्रजांनी नेलाच. आमच्या खेळात चार माणसं तो हरिहर किल्ल्यामार्गे जव्हारकडे पळवणार आहेत. जादू नाही, राक्षस नाहीत, तलवार उपसायची ती अगदी गळ्याशी आल्यावरच.

पहिलं घोडं अडलंय हरिहरच्या पायऱ्यांवर. त्या उभ्या कातळात जे चढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. डी अँड डीत दर १० फुटांच्या पडण्याला सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे ५० फुटांवरून पडलं तर सरासरी १७-१८ डॅमेज. पाचव्या लेव्हलच्या धडधाकट फायटरचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ४४ च्या आसपास. गडी धोतर झटकून पुन्हा चढायला लागतो! ड्रॅगनशी झुंजायला हा दणकटपणा हवाच, पण इथे सगळी भीतीच संपते.

दुसरं म्हणजे काकू, आमच्या एका मित्राची आई. नियमाचं पान उघडत नाहीत, पण खेळतात सगळ्यांत भारी. मागे चौकीवरच्या शिपायाला "अरे लेकरा, घाटात बैल बसलाय, दोन माणसं दे की" म्हणून असं काही गुंतवलं की आम्ही बघतच राहिलो. मग नियमाप्रमाणे डी२० टाकला, आला ३. सगळं मुसळ केरात. वीस बाजूंच्या फाशावर ३ यायची शक्यता १८ एवढीच, प्रत्येकी ५ टक्के. वर कौशल्याची दोन-तीनची भर (मॉडिफायर) असून नसल्यासारखी.

म्हणून बाकीच्या सिस्टीम चाळल्या. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाचे टक्केवारीचे नियम (कौशल्याच्या टक्क्यांइतका किंवा कमी आकडा आला की जमलं) काकूंनाही पटकन कळतील. हिट पॉइंट थोडे आणि ते वाढत नाहीत, त्यामुळे बंदुकीची गोळी म्हणजे खरंच गोळी. पण ४० टक्क्यांचं कौशल्य दहातून सहा वेळा फसतं. सातव्या आवृत्तीत जास्त धोका पत्करून पुन्हा फासा टाकता येतो, तरी चार जणांची वाट सारखी अडेल असं वाटतं.

अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातल्या खेळांत दोन फाशांची बेरीज ७ ते ९ आली की काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. बेरजेत पात्राच्या गुणाचा +१ धरला तर हे साधारण ४४ टक्के वेळा होतं. पळापळीच्या गोष्टीला झकास. आमचा सीए मित्र मात्र नाक मुरडतो, त्याला आकड्यांशी खेळायला काही उरत नाही. फेट ही आणखी मोकळी सिस्टीम तर त्याला दाखवायचीही सोय नाही.

माझा जीव अडकलाय ब्लेड्स इन द डार्क या चोरट्यांच्या टोळीच्या खेळात. पिशवीत काय आहे ते आधी लिहायचं नाही, लागेल तेव्हा दोर काढायचा. स्ट्रेस (ताणाचे पॉइंट) मोजून फ्लॅशबॅक घ्यायचा, म्हणजे आधीच केलेली तयारी आत्ता सांगायची: "या शिपायाला मी कालच पैसे चारलेत." काकू यात धुमाकूळ घालतील! त्यातली भुतंखेतं आणि ते काल्पनिक शहर वगळता येईल. पण तिचं चक्र एक कामगिरी, मग उसंत, मग पुढची कामगिरी असं आहे, आणि आमचा तर सलग पाठलाग आहे. शिवाय प्रत्येक फाशाआधी धोका किती, परिणाम किती हे डीएमने ठरवायचं. त्यात दुपार जाईल की काय?

तर जाणकारांना दोनच प्रश्न. ब्लेड्समध्ये असा लांबलचक एकच प्रवास कुणी चालवलाय का, आणि उसंतीचा टप्पा कुठे बसवलात? आणि ते जमणारच नसेल, तर कथुलूतलं भयाचं प्रकरण काढून नुसते टक्के वापरले तर खेळ पांगळा होतो का?

"डी अँड डीच थोडी बदलून घे" हा सल्ला कृपया नको. पायऱ्यांसाठी वेगळा, बोलण्यासाठी वेगळा, बंदुकीसाठी वेगळा नियम करत बसलो तर हिरा लंडनला पोचेल.